प्राइड प्रायोजकांकडून परत घ्यायची तर सुरुवात खर्चापासून करा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुमच्या शहरातल्या प्राइडमध्ये, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या वार्षिक मोर्च्यात, सगळ्यात पुढे एका बँकेचा सजवलेला ट्रक असतो, त्याच्यामागे कंपन्यांचे टी-शर्ट घातलेले कर्मचारी, आणि ज्या ट्रान्स आणि क्विअर गटांनी हा मोर्चा मुळात सुरू केला ते अगदी शेवटी. यंदा दोन मोठ्या प्रायोजकांनी ऐन वेळी हात आखडता घेतलाय आणि समितीला पैशाची चिंता लागलीय. हीच वेळ साधून समितीला प्रायोजक सोडायला लावावं की आपला वेगळा मोर्चा काढावा, असा तुम्हा दहा-बारा जणांपुढे पेच आहे. शिवाय दोन्हींसाठी पैसे आणायचे कुठून, हा प्रश्न आहेच.

मी या कामात बरीच वर्षं आहे, आणि त्यातला बहुतेक काळ हिशेबाच्या वहीशी गेलाय. आधी प्रायोजकांवर चालणाऱ्या मोठ्या समितीची खजिनदार होते, नंतर एकाही कंपनीचा पैसा नसलेल्या मोर्च्याचे हिशेब पाहिले. त्यामुळे माझं उत्तर पैशाच्या बाजूने येणार, हे आधीच सांगते. माझ्या अनुभवात ‘प्रायोजक हवेत की नकोत’ इथून चर्चा सुरू केली की ती तिथेच अडकते. एक बाजू तत्त्वाचं बोलते, दुसरी बाजू बिलं दाखवते आणि सभा संपते. त्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: आपल्या प्राइडला एवढा खर्च लागतोच का, आणि तो किती असावा हे ठरवतं कोण? प्रायोजक या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून आत येतो, आणि बाहेरही तिथूनच जातो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. जिथे प्राइडवर बंदी आहे किंवा मोर्च्यावर हल्ले होतात, तिथे एखाद्या मोठ्या कंपनीचं नाव सोबत असणं ही कधी कधी ढाल असते. तिथल्या आयोजकांना मी दुरून शहाणपण शिकवणार नाही. दुसरं म्हणजे समितीचं कायदेशीर रूप. सभासद आणि वार्षिक सर्वसाधारण सभा असलेली संस्था वेगळी, आपले वारस आपणच नेमणारे विश्वस्त असलेली संस्था वेगळी, आणि एखाद्या इव्हेंट कंपनीच्या मालकीचं नाव असलेली प्राइड तर पूर्णच वेगळी. तिसरं, प्रायोजकांच्या पैशातून वर्षभराची काही कामं चालतात का, हे पाहा. काही शहरांत प्राइडमधून उरलेल्या रकमेवर हेल्पलाइन, निवारा किंवा एचआयव्ही तपासणीचं काम चालतं. तसं असेल तर प्रायोजक गेल्यावर पहिला फटका कोणाला बसणार, हे आधी त्या लोकांशी बोलून समजून घ्या. त्यांना न विचारता केलेला ठराव कितीही जहाल असला तरी तो त्यांच्याच जिवावर केलेला असतो.

आता खर्च. पहिली प्राइड किती पैशांत झाली असेल, याचा विचार आपण फारसा करत नाही. २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांनी धाड घातली आणि लोक रस्त्यावर उतरले, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं वर्ष कसं गेलं, ते कमी सांगितलं जातं. नोव्हेंबर १९६९ मध्ये फिलाडेल्फियात समलिंगी संघटनांची एक प्रादेशिक परिषद भरली. क्रेग रॉडवेल, फ्रेड सार्जंट, एलन ब्रॉइडी आणि लिंडा रोड्स यांनी तिथे दरवर्षी जूनच्या शेवटी मोर्चा काढण्याचा ठराव मांडला. त्यात एक अट मुद्दाम घातली होती: कपड्यांचे आणि वयाचे कोणतेही नियम असणार नाहीत. १९६५ पासून फिलाडेल्फियात दरवर्षी जी निदर्शनं होत, त्यांत पुरुषांनी सूट-टाय आणि बायकांनी स्कर्ट घालूनच यायचं असा दंडक होता. तो दंडक या ठरावाने मोडला.

तयारीच्या बैठका रॉडवेलच्या घरी होत. खजिनदार होते फॉस्टर गनिसन. ते वेगवेगळ्या संघटनांकडून देणग्या गोळा करत, आणि सार्जंट हे रॉडवेलच्या पुस्तकांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या पत्त्यांच्या यादीवरून लोकांकडे पैसे मागत. मोर्च्याची लेखी परवानगी हातात आली ती निघायच्या वेळेच्या दोन तास आधी. २८ जून १९७० ला ग्रीनिच व्हिलेजमधून निघालेले लोक सेंट्रल पार्कपर्यंत चालत गेले. एका पुस्तकाच्या दुकानाची पत्त्यांची यादी हे त्या मोर्च्याचं मोठं भांडवल होतं. त्या काळाकडे परत जा असं मी म्हणत नाहीये. मोर्चा निघायला किमान काय लागतं, हे मात्र त्यातून नीट दिसतं.

मग खर्च वाढतो कसा? माझ्या डोळ्यांसमोर तो एका ठरलेल्या क्रमाने वाढला. एके वर्षी मोर्च्याच्या शेवटी छोटं व्यासपीठ आलं. पुढच्या वर्षी नावाजलेला कलाकार आला, म्हणून व्यासपीठ मोठं झालं. गर्दी वाढली म्हणून कुंपण आलं. कुंपण आलं की आत सोडायला आणि तपासायला खासगी सुरक्षारक्षक लागतात. एवढ्या लोकांना आत कोंडून ठेवायचं म्हणजे शौचालयं, जनरेटर, विमा, वैद्यकीय पथक, साफसफाईची अनामत हे सगळं ओघाने आलंच. यातली प्रत्येक मागणी त्या त्या सभेत अगदी रास्त वाटते. पाच-सहा वर्षांनी वही उघडली की कळतं, चालण्याचा खर्च होता तेवढाच आहे आणि मैदानाचा खर्च त्याच्या कित्येक पट झालाय. तो भरून काढायला एक प्रायोजक पुरत नाही, आणि एकदा तो आला की पुढच्या वर्षी त्याच्याशिवाय अंदाजपत्रक बसतच नाही.

प्रायोजकांच्या करारातली दोन कलमं मी कधीच विसरणार नाही, आणि तुमच्या समितीच्या करारांतही ती शोधा. एक असतं एकमेव प्रायोजकत्वाचं: अमुक कंपनी पेयांची प्रायोजक असेल तर मैदानात दुसऱ्या कोणाचंही पेय विकायचं नाही. समाजातल्याच एखाद्या गटाने निधीसाठी लावलेला सरबताचा स्टॉलही त्यात बसत नाही. दुसरं असतं प्रतिष्ठेचं. व्यासपीठावरून किंवा आयोजकांच्या अधिकृत खात्यांवरून प्रायोजकाच्या प्रतिष्ठेला बाधा येईल असं विधान झाल्यास उरलेला हप्ता रोखण्याचा अधिकार कंपनीला असतो. शेवटचा हप्ता कार्यक्रमानंतर, फोटोंसह अहवाल दिल्यावर मिळतो, म्हणून या कलमाला दात असतात. आमच्याकडे त्या कलमाचा प्रत्यक्ष वापर एकदाही झाला नाही. त्याची गरजच पडली नाही. घरातून हाकललेल्या ट्रान्स भाडेकरूंच्या गटाला बोलायचं होतं. त्यांचा रोख एका बँकेवर होता, आणि त्याच क्षेत्रातली बँक आमची प्रायोजक होती. कंपनीकडून कोणाचाही फोन आला नव्हता. तरीही वक्त्यांच्या यादीतून तो गट गळाला, ‘वेळ कमी आहे’ या कारणाने. कंपन्यांचा प्रभाव म्हणतात तो बहुतेक वेळा असाच काम करतो. लोगो डोळ्यांना दिसतो. आयोजकांनी स्वतःहून गिळलेले शब्द कोणाला दिसत नाहीत.

आणि एवढं करूनही प्रायोजक टिकतात का? एप्रिल २०२३ मध्ये बड लाइट या बिअरने एका ट्रान्स स्त्रीसोबत छोटीशी जाहिरात केली, त्यावरून बहिष्काराची मोहीम उभी राहिली आणि कंपनीने तिच्या पाठीशी उभं राहणं टाळलं. त्याच वर्षी टार्गेट या दुकानांच्या साखळीने धमक्यांनंतर प्राइडचा काही माल दुकानांतून हटवला. २०२५ मध्ये, अमेरिकेतलं राजकीय वारं बदलल्यावर, बड लाइट बनवणाऱ्या अनहायझर-बुश कंपनीने आपल्या स्वतःच्या शहरातल्या, म्हणजे सेंट लुइसच्या प्राइडचं तीस वर्षांहून जुनं प्रायोजकत्व थांबवलं. सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कच्या प्राइडनाही त्याच वर्षी अनेक मोठ्या कंपन्यांनी पाठ दाखवली किंवा रक्कम कमी केली. यात मला त्या कंपन्यांचा विश्वासघात वगैरे दिसत नाही. त्यांनी जाहिरातीचा खर्च म्हणून पैसे दिले होते, आणि जाहिरात फायद्याची राहिली नाही तेव्हा थांबवले. चूक आहे ती असल्या पैशावर दरवर्षीचा पक्का खर्च बांधण्याची.

नुसते प्रायोजक गेले म्हणूनच प्राइड बुडते असंही नाही. मँचेस्टर प्राइड चालवणाऱ्या संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दिवाळं काढलं. वाढता खर्च आणि घटलेली तिकीटविक्री ही त्यांनी सांगितलेल्या कारणांत होती, आणि तिथे काम केलेल्या कलाकारांचे पैसे अडकले. उलट उदाहरण लंडनचं आहे. २०१२ मध्ये तिथे वर्ल्ड प्राइड, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्राइड, होती आणि आयोजकांना पुरेसा पैसा उभा करता आला नाही. अगदी तोंडावर चित्ररथ आणि वाहनं रद्द करावी लागली. पुष्कळ टीका झाली, ती योग्यही होती. पण ७ जुलैला लोक आले आणि चालले. पैसा संपल्यावर वाहनं गेली, मोर्चा राहिला.

म्हणून माझा पहिला सल्ला: समितीचा गेल्या वर्षीचा हिशेब मागा आणि एका संध्याकाळी सगळे मिळून तो तीन रकान्यांत मांडा. पहिल्या रकान्यात, ज्याच्याशिवाय मोर्चा निघूच शकत नाही ते: परवानगी, एक-दोन ध्वनिक्षेपक, प्रथमोपचार, पाणी, वकिलाची सोय. दुसऱ्यात, ज्याच्याशिवाय काही लोक येऊच शकत नाहीत ते: व्हीलचेअर चढेल असं वाहन, सांकेतिक भाषेचा दुभाषा, थकलेल्यांना बसायला शांत जागा, लांबून येणाऱ्या गरीब गटांचा प्रवासखर्च. तिसऱ्यात, ज्याच्याशिवाय गर्दी किंवा झगमगाट कमी होईल ते सगळं. हे मी अनेक गटांसोबत केलंय आणि तिसरा रकाना दरवेळी सर्वांत जड निघालाय. त्याहून महत्त्वाचं असं, की प्रायोजकांचा पैसा जवळजवळ सगळा तिसऱ्या रकान्यात असतो. दुभाष्याच्या मानधनावर कंपनीचं नाव लावता येत नाही; व्यासपीठावरच्या पडद्यावर लावता येतं. दुसरा रकाना मात्र कायम तुटीत असतो. ज्यांना प्राइडची सर्वांत जास्त गरज आहे त्यांचा खर्च ‘शिल्लक राहिली तर बघू’ या यादीत पडलेला असतो. हा कागद तयार झाला की सभेत तत्त्वाचं भाषण करायची फारशी गरज उरत नाही. ‘पहिले दोन रकाने आपण वर्गणीतून भरू शकतो का?’ एवढंच विचारायचं. बऱ्याच ठिकाणी भरता येतात.

आता तुमचा मुख्य पेच, आतून बदल की वेगळा मोर्चा. समितीला सभासद असतील तर आतला रस्ता सोडू नका. टोरोंटोत जुलै २०१६ मध्ये ब्लॅक लाइव्हज मॅटर या कृष्णवर्णीयांच्या चळवळीच्या गटाने प्राइडची मिरवणूक अर्धा तास अडवली. त्यांना त्या वर्षी सन्मानाने बोलावलेलं होतं, आणि त्याच सन्मानाच्या जागेवर ते बसून राहिले. पोलिसांचे चित्ररथ नकोत ही त्यांची मागणी गाजली. पण कृष्णवर्णीय क्विअर तरुणांच्या कार्यक्रमांना जागा आणि पैसा हवा, सांकेतिक भाषेचे दुभाषे वाढवा अशाही मागण्या होत्या, म्हणजे आपला दुसरा रकानाच. रस्त्यावर मिळालेलं आश्वासन कितपत टिकेल याची शंका लगेच निर्माण झाली होती. निर्णय पक्का झाला तो जानेवारी २०१७ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, सभासदांच्या मतदानाने. रस्त्यावरच्या त्या अर्ध्या तासाचं सगळीकडे नाव झालं. सभेच्या आधी सभासद जमवण्याच्या कामाबद्दल कोणी विचारत नाही.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचं उदाहरण तुमच्या परिस्थितीला आणखी जवळचं आहे. तिथल्या प्राइड मंडळाने समाजाच्या बैठका घेतल्या आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ठरवलं की पोलिसांनी मोर्च्यात यावं, पण गणवेशात नको. पोलिसांनी अंग काढून घेतलं, आणि पाठोपाठ बँका आणि बड्या कंपन्याही बाहेर पडल्या. मंडळावर अविश्वास ठराव आला. डिसेंबरच्या विशेष सभेत तो फेटाळला गेला. नेहमीची मिरवणूक मात्र झाली नाही. तिच्या जागी फेब्रुवारी २०१९ मध्ये आल्बर्ट पार्कपासून मायर्स पार्कपर्यंत साधी पदयात्रा निघाली, सजवलेल्या गाड्यांशिवाय. मंडळ टिकलं, कारण मतदानाला येणारे लोक त्याच्या पाठीशी होते. सभेला आपली किती माणसं येतील याचा अंदाज नसताना प्रायोजकांना आव्हान देऊ नका. सिडनीत प्राइड इन प्रोटेस्ट हा गट मार्डी ग्रा या तिथल्या प्राइडच्या मंडळाच्या निवडणुका वर्षानुवर्षं लढवतोय. काही जागा जिंकल्या, काही हरल्या, पण प्रायोजकांचा आणि पोलिसांचा प्रश्न दरवर्षी अजेंड्यावर आणून ठेवला. हे कंटाळवाणं काम आहे. संस्थेची घटना वाचावी लागते, सभासदत्वाची मुदत पाहावी लागते, नोटिशीचे दिवस मोजावे लागतात. तरीही माझा या रस्त्यावर विश्वास आहे.

समितीला सभासदच नसतील, किंवा ती कोणाच्या खासगी मालकीची असेल, तर तिथे वर्षं घालवू नका. वेगळा मोर्चा काढा. यातलं गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं. स्टोनवॉलला ५० वर्षं झाली त्या दिवसांत, ३० जून २०१९ ला, रिक्लेम प्राइड कोअलिशन या गटाने क्विअर लिबरेशन मार्च काढला. कंपन्यांचे चित्ररथ नाहीत, गणवेशातल्या पोलिसांची तुकडी नाही, रस्त्याच्या कडेला लोखंडी कुंपण नाही. मार्ग १९७० च्या मोर्च्याच्या धर्तीवर, सहाव्या अव्हेन्यूवरून सेंट्रल पार्ककडे. आयोजकांच्या अंदाजाने ४५,००० लोक आले. त्याच दिवशीची अधिकृत मिरवणूक बारा तासांहून जास्त चालली, आणि तिच्यात चालायचं तर आधी नाव नोंदवावं लागे. बाकीच्यांनी कुंपणाबाहेरून बघायचं. मला या दोन मोर्च्यांतला सर्वांत मोठा फरक तोच वाटतो. कुंपण नसलं की फुटपाथवरचा माणूस मोर्च्यात येऊ शकतो. आपण समलिंगी आहोत हे अजून कोणालाही न सांगितलेली पोरं फुटपाथवरच उभी असतात. दहा मिनिटं उभी राहतात, मग दोन पावलं खाली उतरतात आणि चालू लागतात. हे मी अनेकदा पाहिलंय, आणि कुंपणाला विरोध करताना माझ्या डोळ्यांसमोर तीच पोरं असतात.

वेगळा मोर्चा म्हणजे अधिकृत प्राइडशी युद्ध असं समजू नका. न्यूयॉर्कचा डाइक मार्च हा लेस्बियन बायकांचा मोर्चा १९९३ पासून दरवर्षी मोठ्या प्राइडच्या आदल्या दिवशी निघतो, परवानगी न मागता आणि प्रायोजक न घेता. कित्येक बायका दोन्ही दिवशी येतात. दिल्ली क्विअर प्राइड २००८ पासून लोकवर्गणीवर चालते आणि कंपन्यांचा पैसा घेत नाही. म्हणजे हे एखाद-दुसऱ्या वर्षाचं उधाण नाही. दीर्घकाळ चालवता येतं.

पैशाबद्दल अगदी व्यवहाराचं सांगते. देणग्या बहुतांशी मोर्च्याच्या दिवशी आणि त्यानंतरच्या आठवड्यात येतात. ध्वनिक्षेपकवाल्याला आगाऊ रक्कम महिनाभर आधी लागते. प्रायोजकाचं खरं आकर्षण हेच असतं, तो आधी पैसे देतो. त्यामुळे पहिलं वर्ष लहान ठेवा, आणि यंदा वर्गणीच्या डब्यात जमेल ते पुढच्या वर्षीची आगाऊ रक्कम म्हणून बाजूला काढा. हा नियम पाळला तर दुसऱ्या वर्षापासून दम लागत नाही. कोणत्याही एका देणगीदाराकडून एकूण खर्चाच्या ठरावीक हिश्शापेक्षा जास्त घ्यायचं नाही, हे लिहून ठेवा. आम्ही दहावा हिस्सा ठरवला होता, आणि तो व्यक्तींनाही लागू होता, कारण एकटा श्रीमंत हितचिंतकही बँकेइतकाच भारी पडू शकतो. खातं तुमच्या नावावर नसेल तर विश्वासातल्या नोंदणीकृत संस्थेकडे पैसे ठेवा, दोन सह्या ठेवा, आणि मोर्च्यानंतर महिन्याच्या आत हिशेब सगळ्यांपुढे मांडा, पाण्याच्या बाटल्यांपासून. लोक परत पैसे देतात ते हिशेब पाहून.

कामगार संघटनांकडे जायला विसरू नका. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत कुअर्स बिअरवर बहिष्कार पडला. नोकरी देताना ही कंपनी खोटं पकडणाऱ्या यंत्रावर बसवून लोकांना त्यांच्या लैंगिकतेबद्दल विचारते, अशी तक्रार होती. ट्रक चालवणाऱ्या टीमस्टर्स युनियनचा त्या कंपनीशी झगडा चालूच होता. हार्वी मिल्क या समलिंगी नेत्याने समलिंगी बारना त्यात ओढलं, आणि बदल्यात आपल्या लोकांना युनियनच्या नोकऱ्या मिळाव्यात असं मागितलं. लंडनच्या १९८५ च्या प्राइडमध्ये तर खाणकामगार आपले फलक घेऊन पुढे चालले, कारण संपाच्या काळात लेस्बियन आणि गे कार्यकर्त्यांनी त्यांच्यासाठी रस्त्यावर वर्गणीचे डबे फिरवले होते. त्याच वर्षी लेबर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगी हक्कांचा ठराव मंजूर झाला, आणि त्यामागे खाणकामगार युनियनची मतं होती. असा पाठिंबा प्रायोजकत्वातून मिळत नाही.

कंपनीतल्या कर्मचाऱ्यांचं काय, हा प्रश्न तुमच्या सभेत नक्की येईल. कोणालाही घरी बसवू नका. बँकेत नोकरी करणारी लेस्बियन तुमच्याइतकीच मोर्च्याची मालक आहे. आमचा नियम सोपा होता: माणसं या, गट करून या, हाताने रंगवलेला फलक आणा, कंपनीचा लोगो, छापील टी-शर्ट आणि वाटायच्या वस्तू नकोत. आपल्याच माणसांचं छोटं दुकान किंवा बार असेल तर त्यांची वर्गणी घ्या, पण नाव बाकीच्या वर्गणीदारांच्या यादीत, त्याच आकाराच्या अक्षरांत.

कुंपण आणि भाड्याचे रक्षक नसले की जबाबदारी स्वयंसेवकांवर येते, आणि इथे काटकसर करू नका. किमान दोन वेळा प्रशिक्षण घ्या. चौकात वाहनं कशी थांबवायची, शिव्या देणाऱ्याशी वाद न घालता त्याच्या आणि मोर्च्याच्या मध्ये कसं उभं राहायचं, कोणाला चक्कर आली तर काय करायचं, हे प्रत्यक्ष करून बघा. पुढच्या ओळीला एकच काम द्या, वेग सांभाळायचं. आमच्याकडे व्हीलचेअरवरचे आणि काठी घेऊन चालणारे सगळ्यात पुढे असत आणि त्यांच्यापुढे कोणी जायचं नाही असा नियम होता. मोर्चा लांबतो, पोलीस घाई करतात, पण मागे कोणी सुटत नाही आणि मध्ये फट पडत नाही.

आणखी एक गोष्ट, थोडी कडू. कंपन्या नसल्या म्हणून आपल्यातल्या भिंती पडत नाहीत. १९७३ मध्ये, प्राइडला कोणत्याही कंपनीची हवा लागली नव्हती तेव्हा, न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये सिल्व्हिया रिव्हेरा ही ट्रान्स कार्यकर्ती तुरुंगातल्या ट्रान्स आणि समलिंगी लोकांबद्दल बोलायला उभी राहिली आणि आपल्याच लोकांनी तिची हुर्यो उडवली. २०१५ मध्ये ग्लासगोच्या फ्री प्राइडने व्यापारी प्राइडला पर्याय म्हणून कार्यक्रम ठरवला. सुरुवातीला त्यांनी काही ट्रान्स लोकांना त्रास होईल म्हणून ड्रॅग कलाकारांना, म्हणजे भडक स्त्रीवेश किंवा पुरुषवेश करून कार्यक्रम करणाऱ्यांना, वगळलं, मग जोरदार विरोध झाल्यावर निर्णय बदलला. तेव्हा पहिल्या बैठकीपासून बघा: खोलीत कोण नाही? बैठक कोणत्या वेळी आहे, जिथे आहे तिथे रात्री परत जायला वाहन मिळतं का? मोर्च्यात शेवटी चालणारे गट बैठकीलाही येऊ शकत नसतील तर तुमचा नवा मोर्चा जुन्यासारखाच होईल, फक्त लोगोंशिवाय.

तुमच्यासाठी क्रम लावायचा तर असा लावेन. या आठवड्यात समितीची घटना आणि गेल्या वर्षीचा हिशेब मागा. सभासद असलात तर तो तुमचा हक्क आहे. नसलात तरी लेखी मागा आणि काय उत्तर येतं ते जपून ठेवा. तीन रकान्यांचा कागद करा. सभासदत्व खुलं असेल तर सभेच्या मुदतीआधी शक्य तेवढ्यांना सभासद करा आणि एकच ठराव न्या: पहिले दोन रकाने कंपन्यांच्या पैशाशिवाय भरायचे, आणि मोर्च्याच्या पुढच्या भागात एकाही प्रायोजकाचं वाहन नको. हा ठराव माफक आहे, त्यामुळे काठावरचे सभासदही त्याला मत देऊ शकतात. शिवाय प्रायोजक गेल्यामुळे समितीला यंदा नाहीतरी खर्च कापायचाच आहे. ठराव पडला किंवा समितीने हिशेबच दाखवला नाही, तर अधिकृत प्राइडच्या आदल्या दिवशीचा, चालत जायचा, लहान मोर्चा जाहीर करा. त्याची तयारी आजपासून समांतर चालू ठेवलीत तर तेव्हा धावपळ होणार नाही.

समितीचं कायदेशीर रूप काय आहे आणि सर्वसाधारण सभा कधी आहे, हे कळवलंत तर ठरावाच्या मसुद्यात मी मदत करेन.